चाल नेमकी कुठे अडते?

दादरला राहणाऱ्या, वयाची साठी ओलांडलेल्या एका वाचक ताईंचं पत्र आलं आहे. महापालिकेच्या शाळेत शिकवून त्या निवृत्त झाल्या. भाचीच्या लग्नाचा व्हिडिओ घरात सगळे मिळून बघत असताना त्यांना आपली चाल पहिल्यांदाच पाठीमागून दिसली. उजव्या पायावर भार आला की सगळं अंग उजवीकडे झुकायचं आणि पुढच्या पावलाला सरळ व्हायचं. नणंद बोलून गेली, ‘वहिनी, तू बदकासारखी चालायला लागलीस गं.’ ते मनाला लागलं. ताईंनी शिवाजी पार्कच्या फेऱ्या वाढवल्या, मोबाइलवर दहा हजार पावलं झाल्याशिवाय घरी यायचं नाही असं ठरवलं आणि प्रत्येक पावलाला अंग ताठ ठेवायला सुरुवात केली. झुकणं थोडं कमी झालं, पण उजव्या खुब्याच्या बाहेरच्या बाजूला दुखायला लागलं. आता रात्री त्या कुशीवर झोपवत नाही. जिना उतरताना गुडघाही कुरकुरतो. डॉक्टरांनी गुडघ्याचा एक्स-रे काढून ‘वयोमानानुसार झीज’ असं सांगितलं. यजमान म्हणतात, ही सवय आहे, लक्ष देऊन चाललीस की जाईल. मुलगा म्हणतो, काठी घे, लोकल बंद कर, कुठे जायचं ते टॅक्सीने जा. ताई विचारतात, ‘चालणं वाढवू की बंद करू? काठी एकदा हातात आली की सुटत नाही म्हणतात. मी एवढी म्हातारी झाले का?’

प्रिय ताई,

तुमच्या चालीबद्दल घरातल्या प्रत्येकाने मत दिलं, डॉक्टरांनीही दिलं. पण झुकणं पावलाच्या नेमक्या कुठल्या क्षणी होतं, हे कुणी विचारलेलं दिसत नाही. तुम्ही मात्र ते न विचारता लिहिलंत: ‘उजव्या पायावर भार आला की.’ मी फिजिओथेरपिस्ट आहे आणि माझ्या दृष्टीने तुमच्या पत्रातलं सगळ्यात मोलाचं वाक्य हेच आहे. पत्रावरून निदान करता येत नाही, तसं मी करणारही नाही. पण कुठे बघायचं ते या वाक्यावरून कळतं.

आधी त्या व्हिडिओबद्दल. लग्नात तुमच्या अंगावर जड साडी असणार, पायात रोजच्यापेक्षा उंच चप्पल असणार, एक हात निऱ्या सावरण्यात गुंतलेला असणार आणि दिवसभर उभं राहून पाय थकलेले असणार. अशा वेळी पाऊल आपोआप आखूड पडतं, हात हलत नाहीत आणि चालीत जे काही कमीजास्त असेल ते ठळक दिसतं. तेव्हा तो व्हिडिओ तुमची रोजची चाल म्हणून धरू नका. घरात सलवार-कमीज घालून, अनवाणी, मुलाला पाठीमागून आणि बाजूने मोबाइलवर चित्रण करायला सांगा. मोबाइल कमरेच्या उंचीवर धरायचा आणि नंतर हळू गतीने बघायचं. झुकणं त्यातही दिसलं, तर ते खरं आहे.

आता मुद्द्याचं. झुकणं हाच दोष आहे आणि तो काढला की चाल बरी होईल, हे तुम्ही गृहीत धरलं आहे. यजमानांची ‘सवय’ आणि नणंदेचं ‘बदक’ यांच्यामागेही तेच गृहीतक आहे. मला हे पटत नाही. माणूस उगाच लंगडत नाही. कुठला तरी स्नायू कमी पडतोय किंवा कुठला तरी सांधा दुखतोय म्हणून शरीराने शोधलेली ती तडजोड असते. मूळ कारण तसंच ठेवून तडजोड तेवढी काढून घेतली, तर भार पुन्हा त्याच कमकुवत जागी जातो. तुमच्या बाबतीत तसंच झालं असावं, असा मला दाट संशय आहे. हे समजायला एका पावलात काय काय घडतं ते बघावं लागेल. वाचता वाचता खोलीत दोन-चार पावलं टाकून बघा, म्हणजे हात लावून कळेल.

एका पायाची टाच जमिनीला लागल्यापासून तीच टाच पुन्हा लागेपर्यंत चालण्याचा एक फेरा होतो. साध्या चालीत त्याला सेकंदाहून थोडासाच जास्त वेळ लागतो. त्यातला सुमारे ६० टक्के वेळ तो पाय जमिनीवर असतो आणि ४० टक्के वेळ हवेत. दोन्ही पाय एकाच वेळी जमिनीवर असण्याचे क्षण दोनदा येतात, प्रत्येकी जेमतेम १० टक्के. म्हणजे उरलेला सगळा वेळ, फेऱ्याचा जवळजवळ ८० टक्के भाग, आपण एकाच पायावर उभे असतो, कधी उजव्या तर कधी डाव्या. चालणं हे दोन पायांचं काम आहे असं आपल्याला वाटतं, पण त्यातला बराचसा भाग एका पायावर तोल सांभाळण्याचा आहे. वय वाढलं, भीती वाटू लागली किंवा रस्ता ओला असला की आपण पावलं आखूड करतो आणि दोन्ही पाय जमिनीवर असण्याचा वेळ वाढवतो. पावसाळ्यात मुंबईच्या फुटपाथवर तरुण माणसंही तशीच चालतात.

पहिला क्षण टाच टेकण्याचा. त्या वेळी चवडा वर असतो. टाच लागल्याबरोबर तो धपकन खाली पडायला हवा, पण पडत नाही, कारण नडगीच्या पुढच्या बाजूचा स्नायू त्याला सोडत सोडत खाली आणतो. नडगीच्या हाडाच्या बाहेरच्या अंगाला बोटं ठेवून टाचेवर चालून बघा, तो टणक झालेला लागेल. तो कमजोर असला की पाऊल ‘फट्’ आवाज करत पडतं. चाळीच्या व्हरांड्यात चपलेच्या आवाजावरून माणूस ओळखू येतो, त्यातल्या काही आवाजांमागे हा स्नायू असतो.

लगेच पुढच्या क्षणी अंगाचा सगळा भार त्या पायावर येतो आणि गुडघा साधारण १५ ते २० अंशांत वाकतो. धक्का पचवायला हे वाकणं लागतंच. पण ते तेवढ्यावरच थांबवायचं काम मांडीच्या पुढच्या स्नायूचं, म्हणजे क्वाड्रिसेप्सचं असतं. तोही इथे लांबत लांबत, आवरून धरत काम करतो. सपाट जमिनीवर त्याला हे काम थोडा वेळच करावं लागतं, फेऱ्याच्या मध्यावर तो बराचसा मोकळा असतो. जिना उतरताना मात्र गुडघा कितीतरी जास्त वाकतो आणि सगळा भार त्या वाकलेल्या गुडघ्यावरून खाली सोडावा लागतो. म्हणून तुमचा गुडघा चढताना गप्प असतो आणि उतरताना कुरकुरतो. एक्स-रेमध्ये थोडी झीज तुमच्या वयाच्या पुष्कळ लोकांना दिसते, त्यातल्या अनेकांचं काही दुखत नाही. झीज भरून काढता येत नाही, पण मांडीचा स्नायू साठीनंतरही बळकट होतो. गुडघ्याच्या बाबतीत आपल्या हातात असलेली मोठी गोष्ट तीच.

आता तुमचा क्षण. डावा पाय उचलला गेला आहे, सगळं अंग एकट्या उजव्या पायावर आहे. अंगाचा भार उजव्या खुब्याच्या बरोबर वर नसतो, तो थोडा डावीकडे, शरीराच्या मध्यरेषेजवळ असतो. त्यामुळे कमरेचं हाड डावीकडे कलायला बघतं. त्याला समतल धरणारा स्नायू उजव्या खुब्याच्या बाहेरच्या बाजूला असतो, ग्लुटियस मीडियस त्याचं नाव. परकराची नाडी बांधतो तिथून खाली तळहात सपाट ठेवून डावा पाय उचला, हाताखाली तो ताणलेला जाणवेल. बागेतल्या सी-सॉच्या एका टोकाला माणूस लांब बसला असेल, तर दुसऱ्या बाजूला मध्याच्या जवळ बसणाऱ्याला दुप्पट वजन लागतं, तशी या स्नायूची स्थिती आहे. सांध्यापासून त्याचं अंतर कमी आणि अंगाच्या भाराचं अंतर जास्त. म्हणून एका पायावर उभं राहताना या एकट्या स्नायूला शरीराच्या वजनाच्या दुपटीच्या आसपास ओढ लावावी लागते. अंगाचा भार आणि ही ओढ मिळून खुब्याच्या सांध्यावर वजनाच्या अडीच-तीन पट दाब येतो. प्रत्येक पावलाला हे घडतं.

हा स्नायू कमी पडला तर दोन गोष्टी होऊ शकतात. एक तर कमरेचं हाड दुसऱ्या बाजूला खाली घसरतं. फ्रीडरिख ट्रेंडेलेनबुर्ग या जर्मन शल्यचिकित्सकाने १८९५ साली हे नीट वर्णन करून ठेवलं आणि आजही ओपीडीत एका पायावर उभं करून हे बघायची तपासणी त्याच्याच नावाने होते. नाहीतर माणूस छाती-खांदे त्याच बाजूला झुकवतो. तसं केलं की अंगाचा भार सांध्याच्या जवळ सरकतो आणि स्नायूला कमी ओढ लावावी लागते. तुमचं उजवीकडे झुकणं हे दुसऱ्या प्रकारात बसतं. ते तुमच्या उजव्या खुब्याला जपत होतं. तुम्ही जिद्दीने अंग ताठ केलंत, म्हणजे त्या स्नायूवरचा भार वाढवलात, आणि वर रोजची दहा हजार पावलं. स्नायूला बळ मिळायच्या आतच त्याचं काम वाढलं. खुब्याच्या बाहेर दुखणं आणि त्या कुशीवर झोपता न येणं हे या स्नायूच्या हाडाला जोडलेल्या टोकाला, म्हणजे कंडरेला ताण पडल्यावर फार वेळा दिसतं. पन्नाशी-साठीतल्या बायकांमध्ये तर खूपच. तुम्हाला तेच झालं आहे असं मी म्हणत नाही. पण गुडघ्याचा एक्स-रे काढला आणि खुब्याला कुणी हातही लावला नाही, हे मला खटकतं.

फेऱ्याचा पुढचा भाग लवकर सांगते. अंग पायावरून पुढे जाताना नडगी एकदम पुढे कोसळू नये म्हणून पोटरीचा आतला स्नायू तिला मागून धरून ठेवतो. मग टाच उचलली जाते, पायाचा अंगठा वाकतो, तळव्याचा जाड पट्टा ताणला जाऊन पावलाची कमान घट्ट होते आणि पोटरी जमिनीला मागे रेटते. चालण्याला लागणारा जोर सगळ्यात जास्त इथून येतो. साठीनंतर हा रेटा कमी व्हायला लागतो आणि त्याची भरपाई खुब्याचे स्नायू करतात. तुमचा खुबा आधीच थकलेला आहे, तेव्हा पोटरी मजबूत करणं ही त्याला केलेली मदतच ठरते. व्यायामात लोक पोटरीला विसरतात, याचं मला नेहमी वाईट वाटतं.

पाय हवेत गेल्यावर तो पुष्कळसा आपल्या वेगानेच पुढे झुलतो. १८३६ मध्ये जर्मनीतल्या वेबर बंधू या शास्त्रज्ञांना तर वाटलं होतं की तो निव्वळ लंबकासारखा झुलतो, स्नायूंना काही कामच नसतं. तसं नाही. सुरुवातीला जांघेजवळचे स्नायू पायाला पुढे ओढतात, गुडघा ६० अंशांच्या आसपास वाकतो, नडगीचा स्नायू चवडा वर धरतो आणि शेवटी मांडीचा मागचा स्नायू पायाचा वेग आवरून टाच अलगद टेकवतो. या सगळ्यात बोटं जमिनीपासून फार तर एक-दोन सेंटिमीटर वर असतात. इथे आपल्या शहराचा संबंध येतो. फुटपाथवरचा एखादा पेव्हर ब्लॉक एवढा सहज वर आलेला असतो. दमलेल्या पायाने संध्याकाळी घरी येताना ठेच लागते ती बेफिकिरीमुळेच असं नाही. तो एक सेंटिमीटर कमी पडलेला असतो.

आता तुमचे प्रश्न.

चालणं बंद करू नका. पण दहा हजारांचा आकडा सोडा. तो १९६५ च्या सुमारास जपानमध्ये विकायला आलेल्या पावलं मोजायच्या यंत्राच्या नावातून आला आहे, कुठल्या डॉक्टरी तपासणीतून नाही. सध्या तुमचं माप रात्रीचं दुखणं हे असू द्या. ज्या दिवशी चालून आल्यावर रात्री आणि दुसऱ्या सकाळी खुबा जास्त दुखत नाही, तेवढं चालणं तुम्हाला मानवतं. ते निम्मं निघालं तर निम्मं चाला, सकाळ-संध्याकाळ विभागून. आणि अंग मुद्दाम ताठ धरणं काही आठवडे थांबवा. झुकलं तर झुकू द्या.

इथे आणखी एक समजूत तपासायला हवी. ती फक्त तुमची नाही, शिवाजी पार्कला फेऱ्या मारणाऱ्या कितीतरी लोकांची आहे: चालल्याने पायात बळ येतं. चालल्याने हृदयाला, साखरेला, मनाला फायदा होतो, त्याबद्दल वाद नाही. पण सपाट रस्त्यावर चालताना स्नायूंना त्यांच्या क्षमतेचा थोडाच भाग वापरावा लागतो आणि तेवढ्याने ते वाढत नाहीत. बळ वाढवायला त्यांच्यावर सवयीपेक्षा जास्त भार, थोड्या वेळा आणि मध्ये विश्रांती देऊन यावा लागतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० च्या सूचनांमध्येही चालण्यासारख्या व्यायामाशिवाय आठवड्यातून किमान २ दिवस स्नायूंच्या बळाचा व्यायाम वेगळा सांगितला आहे. पासष्टीनंतर तोल आणि बळ यांचा व्यायाम ३ दिवस.

तुमच्यासाठी मला सुरुवात करायची झाली तर मी खुर्चीपासून करीन. भिंतीला टेकवलेल्या खुर्चीवरून हात न लावता उठायचं आणि बसताना मनात तीन मोजत सावकाश बसायचं. बसण्यातला तो सावकाशपणा म्हणजेच जिना उतरण्याचा सराव, फक्त सुरक्षित जागी. आठ-दहा वेळा झाल्यावर मांड्या थकल्या पाहिजेत. सहज जमत असेल तर आणखी सावकाश बसा, दुखत असेल तर खुर्चीवर उशी ठेवून उंची वाढवा. त्याच्या जोडीला उताणं झोपून, गुडघे मोडून कंबर वर उचलायची, दोन श्वास धरायची आणि हळू खाली. नितंबाचे मोठे स्नायू जागे झाले की बाजूच्या स्नायूला साथ मिळते. पोटरीसाठी स्वयंपाकघराच्या ओट्याला धरून दोन्ही टाचा उचला आणि उतरताना घाई करू नका. कुकरच्या शिट्ट्या होईपर्यंत हे सहज होतं. नडगीच्या स्नायूसाठी पाठ भिंतीला टेकून, पावलं थोडी पुढे ठेवून चवडे उचला.

आणि तुमच्या त्या क्षणासाठी: ओट्यापाशी उभं राहा, दोन्ही हातांची बोटं टेकवा, डावा पाय जमिनीपासून जेमतेम उचला आणि कमरेची दोन्ही हाडं एका पातळीत ठेवा. समोर आरसा असला तर बरं. सुरुवातीला दहा सेकंद पुरेत. कंबर घसरायला लागली की पाय टेकवा, घसरलेल्या कमरेने वेळ भरण्यात अर्थ नाही. हळूहळू बोटांचा आधार कमी करत जा. दुसऱ्या बाजूनेही करा. हे सगळं एक दिवसाआड. करताना थोडं दुखलं आणि दुसऱ्या सकाळपर्यंत शमलं, तर चालेल. वाढत गेलं, तर प्रमाण कमी करा. स्नायूंना बळ यायला दोन-तीन महिने लागतात. दोन आठवड्यांत फरक दिसला नाही म्हणून सोडू नका, माझी ही कळकळीची विनंती आहे.

काही बारीक गोष्टी तुम्हाला आजपासूनच आराम देतील. डाव्या कुशीवर, दोन गुडघ्यांमध्ये जाड उशी घेऊन झोपा. पायावर पाय टाकून बसू नका. बसस्टॉपवर किंवा गाडीत उभं असताना उजव्या खुब्यावर रेलून उभं राहायची सवय असेल तर ती सोडा. खुब्याला ताण देणारे स्ट्रेचिंगचे प्रकार कुणी सुचवले तरी सध्या नकोत, बाहेरच्या बाजूची दुखणी ओढल्याने बहुधा चाळवतात. आणि भाजीची पिशवी! तुम्ही ती कुठल्या हातात धरता? पिशवी डाव्या हातात असली की उजव्या पायावर उभं राहताना डावीकडचा भार वाढतो आणि उजव्या खुब्याच्या स्नायूला आणखी ओढ लावावी लागते. उजव्या हातात धरली तर उलट त्याला मदत होते. दुखऱ्या बाजूच्या हातात ओझं, हे वाचून बऱ्याच जणांना विचित्र वाटेल, पण खुब्याच्या दुखण्यात तेच बरोबर आहे. याहून बरी पाठीवरची सॅक.

यावरून काठीचं उत्तर निघतंच. काठी घ्यायची तर ती डाव्या हातात, उजवा खुबा दुखतोय म्हणून. मुंबईत कुठल्याही स्टेशनबाहेर बघा, निम्मे लोक दुखऱ्या बाजूला काठी धरतात आणि तिच्यावर झुकून चाल आणखी बिघडवतात. उजवा पाय आणि डाव्या हातातली काठी एकाच वेळी पुढे जायला हव्यात. काठी सांध्यापासून लांब असते, म्हणून हाताने थोडासा भार दिला तरी खुब्याच्या स्नायूचं बरंच काम वाचतं. चप्पल घालून सरळ उभं राहून हात सैल सोडलात की मूठ मनगटाच्या घडीच्या उंचीवर आली पाहिजे. खाली रबरी टोपण हवं आणि ते झिजलं की बदलायचं. चढताना आधी डावा पाय, उतरताना आधी काठी आणि उजवा पाय. दुसरा हात कठड्यावर.

‘एकदा हातात आली की सुटत नाही’, हे मी फार ऐकते. काठी सुटत नाही ती व्यायाम न करणाऱ्यांची. तुम्ही ती लांबच्या चालीला, गर्दीला, दुखण्याच्या दिवसांना वापरा आणि घरात, ओट्यापाशी, स्नायूंचं काम चालू ठेवा. पायाला प्लास्टर घातलं असतं तर तुम्ही वॉकर घेतला असता आणि त्यावरून वय काढत बसला नसता. माझं मत विचाराल तर पुढचे सहा-आठ आठवडे बाहेर जाताना काठी घ्या. दुखरी चाल रोज हजारो वेळा घोटण्यापेक्षा काठीने जवळजवळ सरळ चाललेलं बरं. यजमानांच्या म्हणण्यात थोडं तथ्य आहे ते इथे: दुखणं गेल्यावरही झुकण्याची सवय उरू शकते. तेव्हा आरशासमोर, व्हिडिओ बघून, लक्ष देऊन चालण्याचा सराव उपयोगी पडतो. आधी बळ, मग लक्ष, हा क्रम तेवढा त्यांना सांगा.

मुलाची काळजी खरी आहे, पण लोकल कायमची बंद करण्याच्या मी विरोधात आहे. जिने, फलाट, डब्यात चढणं-उतरणं हे तुमच्या पायांना आठवडाभर मिळणारं काम आहे. ते काढून घेतलं की वर्षभरात टॅक्सीत बसणंही जड जाईल. त्याऐवजी वेळ बदला, सकाळ-संध्याकाळची गर्दी टाळा. जिथे लिफ्ट किंवा खाली जाणारा सरकता जिना असेल तिथे तो उतरायला वापरा आणि चढणं पायांनी करा, कारण तुमची अडचण उतरण्यात आहे. गाडी पूर्ण थांबल्याशिवाय हलू नका. पायात मागे पट्टा असलेली, न घसरणारी चप्पल घाला. नुसत्या सपाता घातल्या की बोटांनी त्या धरून ठेवाव्या लागतात आणि पाऊल नीट सुटत नाही. दादरच्या पुलावर धक्के खात उतरण्यापेक्षा दोन गाड्या सोडून गर्दी ओसरू द्या. आणि खूप दुखत असेल त्या दिवशी टॅक्सी घ्या, त्यात काहीच कमीपणा नाही.

घरच्या घरी करायचं एवढं. पण तुमची तपासणी अपुरी राहिली आहे, ती पूर्ण करून घ्या. खुब्याच्या सांध्याचं दुखणं बहुधा जांघेत जाणवतं, कधी कधी ते गुडघ्यातही उमटतं आणि लोक गुडघ्याचेच उपचार करत राहतात. शिवाय खुब्याच्या बाजूच्या स्नायूला आणि चवडा उचलणाऱ्या स्नायूला जाणाऱ्या नसा कमरेच्या मणक्यातल्या जवळपास त्याच भागातून निघतात. तेव्हा झुकण्याबरोबर चप्पल घासत असेल किंवा पायावर मुंग्या येत असतील, तर कंबरही तपासायला हवी. परळचं केईएम, मुंबई सेंट्रलचं नायर, सायनचं टिळक या महापालिकेच्या रुग्णालयांत अस्थिरोग आणि फिजिओथेरपी हे दोन्ही विभाग आहेत. हाजीअलीला केंद्र सरकारची अखिल भारतीय भौतिक चिकित्सा व पुनर्वसन संस्था १९५५ पासून याच कामासाठी आहे.

तुमच्यासारख्याच अडचणीत असलेल्या इतर वाचकांनाही सांगते: पाय अचानक लुळा पडला, चेहरा वाकडा झाला, बोलणं अडखळलं, तर चालीचा विचार करू नका, त्याच तासात मोठं रुग्णालय गाठा. कमरेच्या दुखण्याबरोबर लघवीवरचा ताबा जाणं, जांघांमध्ये बधिरपणा येणं, पडल्यावर पायावर भार न घेता येणं, एक पोटरी सुजून गरम होणं, ही लक्षणंही वाट बघण्याची नाहीत. पावलं बारीक होत फरपटत असतील आणि एक हात हलेनासा झाला असेल, तर मेंदूविकारतज्ज्ञांना दाखवा.

तुम्ही ओपीडीत जाल तेव्हा ‘गुडघा दुखतो’ एवढंच सांगू नका. ‘उजव्या पायावर भार आला की अंग उजवीकडे झुकतं, खुब्याच्या बाहेर दुखतं, त्या कुशीवर झोपता येत नाही, जिना उतरताना गुडघा त्रास देतो’ असं सगळं सांगा. घरी काढलेलं चित्रण दाखवा आणि एका पायावर उभं करून बघायला सांगा. कपडे असे घाला की कंबर आणि गुडघे डॉक्टरांना दिसतील, आणि काठी घेतली असेल तर ती बरोबर न्या, उंची तिथेच तपासून मिळेल.